सर्गेई विनोग्राद्स्की : फिश टँकच्या बाटलीत जे बॅक्टेरिया विकले जातात, ते शोधणारा माणूस

नवीन फिश टँक घ्यायला गेलात की दुकानदार काचपेटी, फिल्टर आणि हीटरसोबत एक छोटी बाटलीही पुढे करतो. बाटलीत जिवंत बॅक्टेरिया आहेत, त्या टाकीत ओतल्या की पाणी तयार होतं, मग हवे तेवढे मासे सोडा, असा साधारण दावा असतो. ऑनलाइन शोधलंत तर अशा डझनभर बाटल्या दिसतात. काहींचे रिव्ह्यू पाच स्टारचे, तर काहींच्या खाली मेलेल्या माशांचे फोटो.

मग ही बाटली खरी की नुसतं रंगीत पाणी? याचं उत्तर रिव्ह्यू वाचून मिळणार नाही. ते शोधायची पद्धत मात्र १८९० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात तयार झाली. ती तयार करणारा माणूस आधी वकिली शिकत होता, मग पियानो शिकत होता, आणि सूक्ष्मजीवांकडे बराच उशिरा वळला. त्यांचं नाव सर्गेई विनोग्राद्स्की. आज त्यांची गोष्ट पाहू, आणि शेवटी त्यांचीच पद्धत वापरून घरच्या घरी बाटली कशी तपासायची तेही पाहू.

आधी टाकीतली अडचण

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया पाण्यात सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया प्रचंड पाण्यात पसरतो आणि तिथले सूक्ष्मजीव तो संपवतात. तुमच्या ५० लिटरच्या नव्याकोऱ्या टाकीत मात्र तो संपवणारं कुणी नसतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्यातलं विष रोज वाढत जातं.

जुन्या, जम बसलेल्या टाकीत हे काम दोन टप्प्यांत होतं. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असतं. ते माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याचं काम बंद पाडतं. मग दुसरे सूक्ष्मजीव नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. झाडं ते शोषून घेतात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. ही साखळी टाकीत बसवण्याला शौकीन मंडळी टँक सायकल करणं म्हणतात. काहीही न घालता वाट पाहिली तर याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बाटलीचा दावा इतकाच असतो की ही वाट पाहावी लागणार नाही.

वकिली, पियानो आणि मग विज्ञान

विनोग्राद्स्की यांचा जन्म १८५६ साली कीवमध्ये झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज ती युक्रेनची राजधानी आहे. घर श्रीमंत होतं, त्यामुळे पोटापाण्याची घाई नव्हती. आधी त्यांनी कीवच्या विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला. तिथे जीव रमला नाही म्हणून ते निसर्गविज्ञानाकडे गेले. तेही सोडलं आणि १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकायला दाखल झाले. तिथे त्यांचे गुरू होते थिओडोर लेशेटित्स्की, त्या काळातले पियानोचे नावाजलेले शिक्षक.

दोन वर्षांनी तेही थांबलं. १८७७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाला आले आणि रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकू लागले. या वेळी मात्र टिकले. १८८१ मध्ये पदवी मिळाली, १८८४ मध्ये वनस्पतिशास्त्रातली पुढची पदवी. वय झालं होतं २८. करिअर ठरत नाही म्हणून आज विशीतच घाबरणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

गंधकावर जगणारे धागे

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले. तिथे अँटोन डी बारी हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विनोग्राद्स्की यांनी बेगिआटोआ नावाचा जीवाणू अभ्यासाला घेतला. गंधकाच्या झऱ्यांत तो पांढऱ्या धाग्यांसारखा वाढतो, आणि त्या धाग्यांच्या आत गंधकाचे बारीक थेंब दिसतात.

तेव्हा सगळे मानत होते की जिवंत गोष्टीला ऊर्जा मिळवायचे दोनच मार्ग आहेत. एक तर झाडासारखं उन्हातून ऊर्जा घ्यायची, नाही तर प्राण्यांसारखं दुसऱ्या कुणी बनवलेलं अन्न खायचं. विनोग्राद्स्की यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे जिवंत ठेवले आणि पाणी बदलत राहिले. अंड्याच्या सडक्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात असला की धाग्यांत गंधक साठायचं. तो वायू बंद केला की साठलेलं गंधक हळूहळू नाहीसं व्हायचं आणि पाण्यात सल्फेट सापडायचं. तो संपूर्ण संपला की धागे उपाशी मरायचे. म्हणजे हा जीव गंधक जाळून जगत होता, जसं आपण साखर जाळतो.

१८८७ मध्ये त्यांनी हे मांडलं. ऊर्जा मिळवायचा तिसरा मार्ग माणसाला पहिल्यांदाच दिसला. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, डी बारी वारले. विनोग्राद्स्की झुरिकला गेले आणि त्यांनी याहून मोठं कोडं हातात घेतलं.

सोऱ्याचं कोडं

कोडं जुनं होतं. शेण, मूत्र आणि माती एकत्र राहिली की त्यात सोरा, म्हणजे नायट्रेटचा क्षार तयार होतो, हे लोकांना शतकानुशतकं ठाऊक होतं. बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागायचा. बिहारच्या मातीतून काढलेला सोरा जहाजं भरभरून युरोपला जायचा. पण मातीत तो बनतो कसा? बहुतेकांना वाटायचं की हवा आणि माती यांच्यातली ती साधी रासायनिक क्रिया असावी.

१८७७ मध्ये फ्रान्समधल्या श्लोझिंग आणि म्यूंत्झ या दोघांनी एक प्रयोग केला. एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून थेंब थेंब सांडपाणी सोडलं. पहिले साधारण २० दिवस काहीच झालं नाही. अमोनिया जसा गेला तसा खालून बाहेर आला. मग एकदम नायट्रेट येऊ लागलं. साधी रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर नायट्रेट बनणं थांबलं. पुढे क्लोरोफॉर्म काढून थोडी बागेतली माती पाण्यात कालवून घातली, तर काम पुन्हा सुरू झालं.

ही नळी म्हणजे फिश टँकचा फिल्टरच आहे. २० दिवसांची वाट म्हणजे सायकलिंग, आणि वरून घातलेलं मातीचं पाणी म्हणजे बाटलीतल्या बॅक्टेरियाचा पणजोबा.

काम जिवंत जीव करतात, एवढं कळलं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काही वर्षं खपून दाखवलं की हे दोन टप्प्यांत होतं, आधी नायट्राइट, मग नायट्रेट. पण हे करणारा जीव वेगळा काढून दाखवणं कुणालाच जमत नव्हतं. बर्लिनच्या रॉबर्ट कॉख यांची पद्धत तेव्हा सगळीकडे चालत होती. जिलेटिनच्या जेलीवर नमुना पसरायचा, एकेका जीवाणूची वेगळी वसाहत उगवू द्यायची आणि ती उचलायची. रोगजंतूंसाठी ही पद्धत उत्तम होती. इथे मात्र जेलीवर जे जे उगवलं, त्यातल्या कशानेही अमोनियाला हात लावला नाही.

जे उगवत नाही, तेच हवं

विनोग्राद्स्की यांनी इथे विचारच उलटा केला. जेलीवर जे भराभर उगवतात ते सेंद्रिय अन्न खाणारे आहेत. आपल्याला हवा असलेला जीव बेगिआटोआसारखा असेल आणि अमोनिया जाळूनच जगत असेल, तर त्याला जेलीची गरजच नाही. उलट जेली ठेवली की खादाड मंडळी आधी येऊन सगळी जागा व्यापतात. आपल्याला हवा तो मागेच राहतो.

म्हणून त्यांनी सेंद्रिय अन्न काढूनच टाकलं. झुरिकच्या तळ्याचं पाणी घेतलं. त्यात अमोनियाचा क्षार, थोडं फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं. साखर नाही, मांसरस नाही, काहीच नाही. त्यात मातीचा कणभर नमुना टाकला. अमोनिया संपू लागला की त्यातला एक थेंब तशाच नव्या पाण्यात, मग त्यातला थेंब पुन्हा नव्या पाण्यात, असं पुन्हा पुन्हा केलं. खादाड मंडळी उपाशी राहून मागे पडत गेली.

जे थोडे उरले त्यांना काढायलाही त्यांनी जेलीच वापरली, पण उलट्या हेतूने. द्रवाचे थेंब जेलीवर ठेवले आणि जिथे काहीच उगवलं नाही ती जागा निवडली. तिथला अंश अमोनियाच्या पाण्यात टाकला. पुढे त्यांनी वाळूच्याच जातीच्या सिलिकापासून बनवलेली जेली वापरली. तिच्यात खाण्यासारखं काहीच नसतं. तिच्यावर अखेर हव्या त्या वसाहती उगवल्या.

आणखी दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या, आणि त्या आजच्या टाकीला थेट लागू पडतात. पहिली, हे जीव पाण्यात मोकळे फार तरंगत नव्हते. बाटलीच्या तळाशी कार्बोनेटचे कण होते, त्यांना ते चिकटून बसत होते. फिल्टरमध्ये स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे भरतात ते याचसाठी. बॅक्टेरियाचं घर पाण्यात नसतं, पृष्ठभागावर असतं. दुसरी, कार्बोनेट हळूहळू खर्च होत होतं. या क्रियेत आम्ल तयार होतं आणि कार्बोनेट ते आम्ल शमवतं. तुमच्या पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर पीएच घसरतो, आणि तो ६ च्या आसपास गेला की हे कामगार जवळजवळ संपावर जातात.

शेवटी त्यांनी हिशेब मांडला. पाण्यात सेंद्रिय कार्बन घातलाच नव्हता, तरी काही आठवड्यांनी तो सापडला. म्हणजे या जीवांनी अंधारात, सूर्यप्रकाशाशिवाय, कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधलं होतं. हे काम फक्त हिरवी पानं करतात असं तोवर मानलं जात होतं.

१८९० आणि १८९१ मध्ये त्यांचे शोधनिबंध एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झाले. अमोनियाचं नायट्राइट करणारा एक जीव आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारा दुसरा. त्यांनी दिलेली नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं आजही बाटल्यांच्या लेबलवर छापलेली असतात.

मोठं पद, मग सतरा वर्षांची शांतता

१८९१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला परतले. तिथे नव्याने सुरू झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सामान्य सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे आला. याच संस्थेत इव्हान पावलोव्हही काम करत होते, कुत्र्यांच्या लाळेच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झालेले. इथे विनोग्राद्स्की यांनी हवेतला नायट्रोजन थेट पकडणारा, प्राणवायूशिवाय जगणारा एक जीवाणू मातीतून वेगळा केला आणि लुई पाश्चर यांच्या सन्मानार्थ त्याला क्लॉस्ट्रिडियम पाश्चरिअॅनम असं नाव दिलं.

१९०५ मध्ये ते निवृत्त झाले, पन्नाशीही पुरी झाली नव्हती. पुढची वर्षं युक्रेनमधल्या आपल्या शेतजमिनीवर आणि स्वित्झर्लंडमध्ये गेली. प्रयोगशाळा सुटली. मग पहिलं महायुद्ध आणि १९१७ ची क्रांती आली. जमीन गेली, वाडा गेला, देशही सोडावा लागला. काही काळ ते बेलग्रेडमध्ये होते. साठी ओलांडलेला, घरदार गमावलेला, सतरा वर्षं प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेला माणूस. बहुतेकांची गोष्ट इथे संपते.

१९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख एमिल रू यांनी त्यांना बोलावून घेतलं. पॅरिसपासून साधारण ३० किलोमीटरवर ब्री-कोंत-रोबेर नावाच्या गावात संस्थेचं प्रयोग केंद्र होतं. तिथे त्यांना मातीच्या सूक्ष्मजीवांचा विभाग मिळाला आणि वयाच्या पासष्टीनंतर त्यांनी काम पुन्हा सुरू केलं.

आता त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता. प्रयोगशाळेतल्या चमचमीत अन्नावर वाढवलेला जीव जसा वागतो, तसा तो मातीत वागत नाही. म्हणून त्याला त्याच्या खऱ्या जागेत, त्याच्या शेजाऱ्यांसकट बघायला हवं. मुलगी एलेन त्यांच्यासोबत काम करत होती. १९३३ मध्ये बापलेकीने मिळून नायट्रेट बनवणाऱ्या जीवांवर नवं संशोधन प्रसिद्ध केलं. १९३५ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातला मानाचा लेवेनहूक पदक पुरस्कार त्यांना मिळाला. १९४० मध्ये ते थांबले, तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. मातीच्या सूक्ष्मजीवांवरचं त्यांचं मोठं पुस्तक १९४९ मध्ये आलं, तेव्हा वय होतं नव्वदीच्या पुढे. फेब्रुवारी १९५३ मध्ये ब्री इथेच ते वारले.

त्यांच्यानंतर चित्र बदललं

शंभर वर्षं सगळ्यांनी धरून चाललं होतं की फिश टँकमध्येही तेच दोघे काम करतात. डीएनए तपासायचं तंत्र हाती आल्यावर टिमोथी होव्हानेक आणि एडवर्ड डीलाँग यांनी खऱ्या टाक्यांचे फिल्टर तपासले. १९९६ आणि १९९८ च्या त्यांच्या कामातून दिसलं की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्रोबॅक्टर जवळपास सापडतच नाही. नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच जीव करतो. याचं कारणही पुढे कळलं. भरपूर नायट्राइट असेल तर नायट्रोबॅक्टर पुढे जातो, आणि अगदी कमी असेल तर नायट्रोस्पायरा जिंकतो. चांगल्या टाकीत नायट्राइट कमीच असतं. होव्हानेक पुढे स्वतःच बाटलीतल्या बॅक्टेरियाच्या व्यवसायात उतरले, हेही माहीत असलेलं बरं.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून अमोनिया जाळणारा एक आर्किया वेगळा केला गेला. आर्किया म्हणजे बॅक्टेरियाही नव्हे, जीवांचा तिसराच गट. नंतर गोड्या पाण्याच्या अनेक टाक्यांतही असे आर्किया मोठ्या संख्येने सापडले. आणि २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की नायट्रोस्पायराचे काही प्रकार अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. त्यातल्या एका गटाला हा जीव मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमध्येच मिळाला होता.

म्हणजे नावं चुकली का? पूर्ण नाही. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर खरेच आहेत, फक्त प्रत्येक ठिकाणी तेच असतात असं नाही. जीवाला त्याच्या खऱ्या जागेत बघा हा विनोग्राद्स्की यांचा म्हातारपणचा आग्रह इथे बरोबर ठरला.

आता बाटलीकडे या

बाटली म्हणजे विरजण आहे. दुधात चमचाभर विरजण घातलं की रात्रीत दही लागतं. पण दह्याचे जीवाणू वेगाने वाढतात, आणि हे नाही. आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. अमोनिया जाळणाऱ्यांना दुप्पट व्हायला साधारण ८ तास ते एक-दोन दिवस लागतात. अमोनिया हे फार हलकं इंधन आहे, त्यातून ऊर्जा थोडीच मिळते. म्हणून विरजण जिवंत असलं तरी दही एका तासात लागणार नाही.

लेबल वाचताना तीन गोष्टी बघा.

बाटलीत कोण आहे? फक्त बॅसिलस लिहिलं असेल तर ते खादाड मंडळींपैकी आहेत. ते बीजाणू बनवतात, त्यामुळे बाटलीत वर्षानुवर्षं टिकतात. तळाचा गाळ खायला ते ठीक आहेत, पण सायकलचं काम ते करत नाहीत. झुरिकच्या जेलीवर भराभर उगवणारे जे होते, तीच ही जात. नव्या टाकीचं पाणी दोन-चार दिवसांत दुधाळ होतं तेही अशाच खादाडांमुळे.

बाटली कशी ठेवली होती? खरे कामगार बीजाणू बनवत नाहीत. थंड आणि अंधाऱ्या जागी ते काही महिने तग धरतात, पण मे महिन्यात तापलेल्या गाडीतून आलेली किंवा दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे ठेवलेली बाटली बरीचशी मेलेली असू शकते. ताजी तारीख आणि थंड जागा बघा.

आणि शेजारी कुणाकडे जुनी, निरोगी टाकी आहे का? तिच्या फिल्टरचा पिळलेला गाळ किंवा स्पंजचा तुकडा कुठल्याही बाटलीपेक्षा सरस असतो, आणि फुकट असतो. फक्त त्या टाकीत रोगराई नाही ना, याची खात्री करा.

घरच्या घरी विनोग्राद्स्की चाचणी

मासे न घालता, फक्त अमोनिया देऊन बघायचं. झुरिकची बाटलीच, फक्त मोठी.

१. टाकी, फिल्टर आणि हीटर लावा. तापमान २६ ते २८ अंश ठेवा. हवेचा पंप सुरू ठेवा, कारण या कामाला भरपूर प्राणवायू लागतो. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन घाला, नाहीतर क्लोरीन बाटलीतले जीव मारेल.

२. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड वापरा. म्हणजेच नवसागर, कल्हईवाले भांड्यांना लावतात तो. पण बाजारातला नवसागर घेऊ नका, त्यात भेसळ असते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध घ्या. ६ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिलिलिटर द्रावण १०० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तो ४-५ पीपीएमच्या वर नेऊ नका, जास्त अमोनिया नायट्राइट खाणाऱ्यांनाच रोखतो.

३. बाटली हलवून थेट फिल्टरच्या स्पंजवर ओता. यूव्ही दिवा असेल तर बंद ठेवा.

४. थेंबांच्या टेस्ट किटने एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजा. फोनने फोटो काढत असाल तर रंगपट्टी त्याच फ्रेममध्ये धरा आणि दिवसाच्या उजेडात काढा. फोनचा कॅमेरा रंग आपोआप बदलतो, त्यामुळे पट्टी नसलेला फोटो नंतर उपयोगाचा नसतो. आकडे नोट्स अॅपमध्ये तारखेसह लिहून ठेवा.

५. बाटली जिवंत असेल तर काही दिवसांतच अमोनिया घसरेल, नायट्राइट चढेल, मग तेही घसरेल आणि नायट्रेट चढेल. आठवडाभर अमोनिया जागचा हलला नाही, तर आधी पीएच आणि तापमान बघा. ते ठीक असेल तर बाटलीत काही नव्हतं असं समजा. तरीही टाकी चालू ठेवा. हवेतून, झाडांवरून आणि नळातून खरे कामगार आपोआप येतात, फक्त वेळ लागतो.

६. अमोनिया शून्य झाला की पुन्हा २ पीपीएम घाला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. मग बरंच पाणी बदलून नायट्रेट कमी करा आणि लवकरच मासे सोडा, पण थोडे थोडे. टाकी अशीच रिकामी ठेवली तर कामगार उपाशी राहतील.

मासे आधीच सोडले असतील तर घाबरू नका. रोज टेस्ट करा, अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की पाणी बदला, आणि खाणं निम्मं करा. बाटली घातली तर मदत होऊ शकते, पण पाणी बदलण्याऐवजी बाटली हा पर्याय नाही.

आणि एक शेवटची गोष्ट. साखळी बसल्यावर फिल्टरचा स्पंज घाण झाला की तो नळाखाली धुवू नका. टाकीतूनच बादलीभर पाणी काढा आणि त्यात दोनदा पिळा. विनोग्राद्स्की यांना तळाच्या कणांवर सापडलेली मंडळी तुमच्याकडे त्या स्पंजावर बसलेली असतात, आणि नळातला क्लोरीन त्यांना पाच मिनिटांत धुऊन काढू शकतो.